संगणकलिखित शीर्षके आणि चित्रफितीवरील रंगदोष

बोलींच्या क्षेत्रीय अभ्यासात चित्रफितीचे शीर्षक हा केवळ शोभेचा भाग नव्हे. गाव, निवेदकाचे वय, ध्वनिमुद्रणाचे वर्ष ही माहिती पुष्कळदा शीर्षकातच असते. ती वाचता आली नाही तर फितीची साक्ष अपुरी पडते. 1980 नंतरच्या दोन दशकांत अशी शीर्षके संगणकावर करून व्हीएचएस फितीवर उतरविण्याचा प्रघात पडला. संगणकाच्या पडद्यावर सुबक दिसणारे लाल अक्षर फितीवर मात्र पसरट, मळकट व थरथरते दिसे. हे का होते व दोष कोठे शोधावा, याचा येथे विचार केला आहे.

धाराशिव (पूर्वीचे उस्मानाबाद) जिल्ह्यातील तेरखेडा हे गाव शोभेच्या दारूच्या व्यवसायासाठी प्रसिद्ध आहे. समजा, तेथील कारागिरांच्या बोलीची फीत तयार करावयाची आहे आणि रात्रीच्या आतषबाजीच्या दृश्यावर ‘तेरखेडा’ हे नाव लाल अक्षरांत द्यावयाचे आहे. या शब्दातील दोन्ही मात्रा पुसट झाल्या, तर वाचकास ‘तरखडा’ दिसेल. ‘रंग’वरील अनुस्वार लोपला, तर ‘रग’ उरेल. देवनागरीत अर्थभेद करणारी चिन्हे आकाराने लहान असतात; म्हणून रोमन लिपीपेक्षा येथे हानी अधिक होते.

या दोषाचे मूळ फितीच्या स्वभावात आहे. भारतात 1982 साली रंगीत प्रक्षेपण सुरू झाले, ते पाल पद्धतीचे. तीत 625 रेषांचे चित्र सेकंदास 25 वेळा दाखविले जाते. चित्रातील उजळपणा व रंग हे दोन वेगळे संदेश होत. व्हीएचएस फितीवर उजळपणाचा तपशील आडव्या दिशेने सुमारे 240 रेषांइतका टिकतो. रंगाचा तपशील मात्र जेमतेम 40 ते 50 रेषांइतका. म्हणजे ‘डा’मधील काना संगणकावर कितीही रेखीव असला, तरी त्याचा रंग फितीवर शेजारच्या जागेत सांडतो. त्यातच शुद्ध लाल रंगाचा उजळपणा शुभ्राच्या सुमारे 30 टक्के व निळ्याचा 11 टक्केच असतो. काळ्या रात्रीवर लाल अक्षर ठेवले, की त्याची रेखीवता उजळपणावर न राहता मुख्यतः रंगावरच विसंबते. आणि तेच फितीचे दुर्बल अंग.

थरथरण्याचे कारण निराळे आहे. चित्राच्या विषम व सम रेषा आळीपाळीने उमटतात. शिरोरेखा एकाच रेषेइतकी बारीक असेल, तर ती प्रत्येक दुसऱ्या फेरीतच दिसते, म्हणजे सेकंदास 25 वेळा. म्हणून ती लुकलुकते.

दोष शोधताना क्रम पाळावा. प्रथम संगणकाचा संदेश रूपांतरकातून फीतयंत्राविना थेट दूरचित्रवाणी संचावर पाहावा. तेथेच अक्षरे बिघडलेली असतील, तर फितीस दोष देण्यात अर्थ नाही. रंग मुळीच न दिसल्यास रूपांतरक अमेरिकेतील एनटीएससी पद्धतीवर लावलेला नाही ना, हे तपासावे. पिवळा व आकाशी हे रंग पूर्ण गडद असता पाल संदेशाची उंची शुभ्राच्या पातळीच्या 133 टक्क्यांपर्यंत जाते. यास्तव रंगांची तीव्रता 75 टक्क्यांच्या आसपास ठेवणे इष्ट. संचावर चित्र निर्दोष व फितीवर सदोष असेल, तर मग यंत्राचे शीर्ष, फितीची प्रत व मुद्रणाचा वेग पाहावा. उजळपणा व रंग वेगळे नेणारी एस-व्हिडिओ तार उपलब्ध असल्यास तीच वापरावी. मूळ फीत ठीक व नकल वाईट असेल, तर उपाय एकच: प्रत्येक नकल मूळ फितीवरूनच घ्यावी, कारण नकलेगणिक रंग आकृतीपासून सरकत जातो.

अक्षरांबाबतचे उपाय साधे आहेत. अक्षर फिकट पिवळसर वा पांढरे व पार्श्वभूमी गडद ठेवावी. अक्षरास काळी कड द्यावी. शिरोरेखा किमान दोन-तीन रेषा जाड असावी. अनुस्वार व मात्रा मोकळ्या ठेवाव्यात. रंग हवाच असेल तर तो अक्षरास न देता मागील रुंद पट्टीस द्यावा. तेरखेड्याचा लाल रंग पट्टीवर शोभेल. नाव मात्र उजळपणानेच वाचले जाईल.

व्हीएचएस यंत्रांचे उत्पादन जपानमधील फुनाई कंपनीने 2016 साली थांबविले, आणि जुन्या फिती आता अंकीय रूपात उतरविल्या जात आहेत. त्या वेळी पुसट शीर्षकाचा रंग वाढविल्याने ते स्पष्ट होत नाही, उलट डाग वाढतो. जे वाचता येते ते रूपांतरापूर्वीच मूळ फितीवरून नोंदवहीत उतरवून घ्यावे. निवेदकाचा आवाज टिकला, पण त्याचे गाव हरवले, तर बोलीच्या नकाशावर त्या आवाजास जागा उरत नाही.