पांढऱ्यावर पांढरं

पांढऱ्या कपड्यातला सैनिक बर्फावर दिसू नये, म्हणून तर त्याला तो कपडा दिलेला असतो. टेबलावरच्या लढाईसाठी तोच सैनिक रंगवायला घेतला की सगळं उलटं होतं. चार फूट रुंद टेबलाच्या पलीकडून, ट्यूबलाइटच्या उजेडात, त्याच्या हातात रायफल आहे की सबमशीनगन, तोंड कुठल्या बाजूला आहे, हे खेळणाऱ्याला एका नजरेत कळलं पाहिजे. लष्करी शिंप्याने जे झाकलं, ते रंगवणाऱ्याने ब्रशने पुन्हा उघडं करायचं. हिवाळी पायदळ रंगवण्यातली सगळी गंमत आणि सगळा वैताग या एका भांडणात आहे.

छंद तसा मराठी घराला अगदीच परका नाही. दिवाळीत किल्ला करून त्यावर मातीचे मावळे मांडणारे आपण. फक्त फासे टाकून, फूटपट्टीने चाल मोजून, नियमांचं पुस्तक उघडून ते मावळे आपण लढवत नाही एवढंच. एच. जी. वेल्सने १९१३ साली ‘लिटल वॉर्स’ या पुस्तकात तसे लढवायचे नियम लिहिले. त्याच्या खेळात स्प्रिंगच्या खेळण्यातल्या तोफेने शिशाचे सैनिक खरोखर पाडायचे असत. आता ते काम फाशांवर आलं आणि रंग शाबूत राहू लागला. भिलाईत आमच्या ओळखीतले हा खेळ खेळणारे एका डायनिंग टेबलाभोवती मावतात.

आणि माझ्या टेबलावर लाल सेनाच का, हे इथे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. १९५५चा भारत-सोविएत करार, त्यातून उभा राहिलेला पोलाद कारखाना, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते सुरू झालेली पहिली झोतभट्टी, नंतर १९७२ची मैत्री बाग, हे सगळं भिलाईच्या पोरांना पाढ्यांसोबतच पाठ होतं. बांधकामावरचे सोविएत मुख्य अभियंते व्हेनियामिन दिमशित्स यांचं नावही जुन्या मंडळींच्या तोंडी असायचं. महायुद्ध संपून तेव्हा उणीपुरी दहा वर्षं झाली होती. त्या वेळी इथे आलेल्या रशियनांत जे पस्तिशी-चाळिशीचे होते, त्यांची तरुणपणं त्या युद्धाच्याच हिवाळ्यांत गेलेली असणार. नाहीतर नागपूरच्या अलीकडे-पलीकडे सगळं आयुष्य काढलेल्या माझ्यासारख्याला व्हॅलेंकीचं, म्हणजे त्यांच्या नमद्याच्या बुटांचं, काय पडलं असतं!

पांढरा झगा नसल्याची किंमत लाल सेनेने आधी मोजली होती. ३० नोव्हेंबर १९३९ला सोविएत फौजा फिनलंडमध्ये शिरल्या तेव्हा त्यांच्यातल्या अनेकांच्या अंगावर मातकट ओव्हरकोट होते, आणि समोर स्कीवरून येणारे फिन पांढऱ्यात. बर्फाच्छादित जंगलातल्या रस्त्यावर लांबच लांब मातकट रांग म्हणजे आयतं सावज. दोन वर्षांनी, ५ डिसेंबर १९४१ला मॉस्कोसमोर प्रतिहल्ला सुरू झाला तेव्हा लाल सेनेतल्या कित्येक तुकड्यांकडे पांढरे झगे होते. थंडीची तयारी नसलेल्या जर्मनांवर घराघरातल्या चादरी पांघरायची वेळ आली होती. पुढे जर्मनांनी एका बाजूने पांढरा आणि उलटून घातला की करडा किंवा ठिपक्यांचा असा जाड पोशाख काढला. दोन्हीकडचे पांढरेच झाल्यावर आपला कोण, परका कोण हे कळेना, म्हणून जर्मनांनी दंडावर रंगीत पट्ट्या बांधायला सुरुवात केली. रंगवणाऱ्याला या पट्ट्या म्हणजे देणगीच. रशियन रंगवताना तीही सोय नाही.

आता प्रत्यक्ष काम. अठ्ठावीस मिलिमीटरचा सैनिक म्हणजे तळपायापासून डोळ्यांपर्यंत अंगठ्याच्या वरच्या पेराएवढा. साच्याच्या दोन भागांची सांधरेघ त्याच्या अंगावरून गेलेली असते. ती पात्याच्या पाठीने खरवडून काढायची. इतर सैनिकांवर थोडी रेघ राहिली तरी शेवाळी रंगात मुरते, पांढऱ्यावर मात्र ती शिवणीसारखी उठते. मग कोमट साबणाचं पाणी, वाळवण, आणि वर करडा प्रायमर. पांढरा नव्हे. पांढऱ्या प्रायमरवर पांढरा कपडा रंगवणारे पुष्कळ आहेत. त्यांचे सैनिक फोटोत बरे दिसतात आणि टेबलावर हरवतात.

ट्यूबमधला टायटॅनियम व्हाइट थेट लावला तर तो दाणेदार बसतो, घड्या बुजवतो आणि तरीही खालचं झाकत नाही. म्हणून सुरुवात उबदार करड्याने करायची: पांढऱ्यात चिमूटभर बर्न्ट अंबर, नखभर यलो ऑकर. कॅमलची ॲक्रिलिक त्याला पुरतात, परदेशी बाटल्या हव्यातच असं नाही. हा करडा सगळ्या झग्यावर पातळ फिरवायचा. दुसऱ्या हाताला त्यात पांढरा वाढवायचा आणि घड्यांच्या तळाशी ब्रश जाऊ द्यायचा नाही. तिसऱ्याला आणखी. निखळ पांढरा अगदी शेवटी आणि अगदी कंजूषपणे: टोपडीचा माथा, खांद्याची वरची कड, वाकलेला गुडघा, कोपर. जिथे पट्टा झग्याला टेकतो तिथे गडद तपकिरी रेघ, केसाएवढी. ती रेघ पडली की झगा आणि पट्टा एकमेकांपासून सुटतात आणि माणूस उभा राहतो.

खरा पेच यानंतर येतो, कारण पायाखालचा बर्फही पांढराच आहे. इथे एकच तोडगा आहे आणि तो रंगपेटीतला आहे: कपड्याचा पांढरा पिवळसर ठेवायचा आणि बर्फाचा निळसर. बर्फात अल्ट्रामरीनचा एवढासा अंश, तोही पावलांच्या ठशांत आणि दगडाच्या सावलीत जास्त. हाताच्या अंतरावरून कुणाला निळं किंवा पिवळं काही दिसत नाही, दोन्ही पांढरेच वाटतात. पण सैनिक जमिनीपासून वेगळा होतो. मला या कामातली ही सगळ्यात चलाख गोष्ट वाटते.

तरीही तो कोरा दिसत होता. आमच्या शेजारचे एक काका कारखान्यातून निवृत्त झालेले, ऐंशीच्या दशकात प्रशिक्षणासाठी सोविएत युनियनमधल्या एका पोलादनगरीत हिवाळा काढून आलेले. त्यांनी चष्मा कपाळावर चढवून माझा सैनिक हातात घेतला.

“लाँड्रीतून आत्ता आणला का रे याला?”

“काका, झगा पांढराच असतो त्यांचा.”

“असते ना. पहिल्या दिवशी असते. तिकडे बर्फ पडला की दोन दिवस पाहून घ्यायचा, मग चिमण्यांची काजळी बसते त्याच्यावर. इथं आपल्या दोरीवर वाळत घातलेल्या शर्टाचं काय होते? आणि हा तर जमिनीवर सरपटणारा माणूस.”

त्यानंतर मळ हा माझ्या कामाचा मुख्य भाग झाला. पॅकिंगच्या फोमचा तुकडा चिमटीत धरायचा, पातळ तपकिरीत टेकवायचा, कागदावर बहुतेक सगळा पुसायचा आणि उरलेला झग्याच्या खालच्या काठाला टिपायचा. गुडघे, कोपरं, बसायची जागा इथे माती. बाह्यांच्या टोकाला आणि छातीवर, जिथे पीपीएश सबमशीनगनचा गोल डबा घासतो, तिथे तेलकट काळपट. शेकोटीशी झोपलेल्या माणसाच्या पाठीवर धुराचा पिवळट हात. मळ कुठे लागतो याचा विचार करायचा तर आधी हा माणूस दिवसभर काय करत असेल याचा करावा लागतो. सगळीकडे सारखा शिंपडलेला मळ लगेच खोटा ओळखू येतो.

शिवाय सगळ्यांना पूर्ण पांढरं घालायचंच नाही. दहाजणांच्या तुकडीत तिघा-चौघांना नुसता वरचा झगा आणि खाली खाकी विजार, एखाद्याच्या अंगावर फक्त तेलोग्रेइका, ती उभ्या पट्ट्यांची कापूस भरलेली खाकी बंडी, एखाद्या अधिकाऱ्याला मेंढीच्या कातड्याचा आखूड कोट. उशांका टोपीच्या करड्या केसांवरून कोरडा ब्रश फिरवला की केस आपोआप उठतात. मोसिन रायफलचं लाकूड मी मुद्दाम थोडं लालसर ठेवतो, कारण पांढऱ्या-करड्या आकृतीत नजरेला धरून ठेवणारी तेवढी एकच ऊब असते. दुसरी चेहऱ्याची. डोळ्यांत पांढरं भरायच्या भानगडीत पडू नये. बर्फाच्या झगझगाटात कुणी डोळे टक्क उघडे ठेवत नाही, तेव्हा खोबणीत गडद रेघ पुरे. नाक, गाल आणि बोटांची पेरं यांवर लाल-जांभळ्या रंगाचं पाणी फिरवलं की माणसाला थंडी वाजायला लागते.

बेससाठी परगावचे लोक प्लास्टिकच्या किंवा एमडीएफच्या चकत्या मागवतात. पोलादाच्या गावात हार्डवेअरच्या दुकानातला पंचवीस मिलिमीटरचा वायसर असताना त्याची गरज काय? भोक पुठ्ठ्याने बंद करायचं. वजन खाली आल्याने सैनिक कलंडत नाही, आणि डब्याच्या तळाला चुंबकाची शीट लावली की तुकडी उभ्याने प्रवास करते. त्यावर वॉल पुट्टीचा उंचसखल थर आणि चहाच्या गाळणीतून चाळलेली शिवनाथ नदीची रेती. जमिनीचा रंग आमच्या दल्ली-राजहऱ्याच्या लाल मातीचा नको, काळपट तपकिरी हवा. आधी पूर्ण जमीन रंगवायची, मग बर्फ. थेट बर्फच थापला की जमीन खाली नसल्याचं डोळ्याला कळतं.

बर्फ कशाचा करावा यावर छंदिष्टांची भांडणं होतात. फेविकॉलमध्ये खायचा सोडा कालवणं ही जुनी आणि स्वस्त युक्ती, पण सोड्याचा बर्फ कालांतराने पिवळा पडतो. मी पांढरी रांगोळी वापरतो. बारीक दगडाची ती पूड फेविकॉल आणि पांढऱ्या रंगात दाट कालवली की हवा तसा रवाळ थर मिळतो. वाळताना आक्रसतो म्हणून दोनदा द्यावा लागतो. जाडी मोजूनमापून. या आकारात प्रमाण साधारण छपन्नास एक पडतं, म्हणजे पंधरा सेंटिमीटर खोल बर्फ जेमतेम पावणेतीन मिलिमीटर. मिश्रण बुटांच्या चवड्यांवर थोडं चढवायचं, नाहीतर माणूस बर्फात नाही, बर्फावर ठेवलेला दिसतो. मागे दोन पावलांचे खड्डे टूथपिकने. बर्फ वाऱ्याच्या आडोशाला साठतो आणि उन्हाकडच्या बाजूला आधी वितळतो, तेव्हा एका तुकडीतल्या सगळ्या दगडांचा बर्फ एकाच बाजूला हवा. दहा बेसवर दहा दिशांनी वारा वाहायला नको. फुलझाडूचे दोन-चार तुरे कापून खोचले की वाळकं गवत झालं. चमकी मात्र कुणी कितीही आग्रह केला तरी नाही.

भिलाईची हवा या सगळ्याला आडवी येते. मे महिन्यात ॲक्रिलिक ब्रशच्या टोकावरच वाळतं, म्हणून पसरट डब्यात ओला स्पंज, त्यावर बटर पेपर आणि त्यावर रंग. स्प्रेचा प्रायमर दुपारी मारला तर थेंब हवेतच वाळतात आणि सैनिकावर भुकटी येऊन बसते. ते काम पहाटेचं. पावसाळ्यात उलट तऱ्हा: दमट हवेत मॅट व्हार्निशचा स्प्रे मारला की त्यावर धुरकट पांढरा थर धरतो. नको तिथे, नको तसा बर्फ! जुलै-ऑगस्टात व्हार्निश ब्रशनेच लावलेलं बरं.

खेळाच्या दिवशी टेबलावर पांढरी चादर पसरली जाते, खाली पुस्तकं सरकवून टेकड्या. चादरीवर सगळ्यात आधी दिसतात त्या रायफली, मग चेहरे, मग मळके गुडघे. बऱ्याच नियमावल्यांत खोल बर्फात चाल निम्म्यावर येते, त्यामुळे आपल्या तुकडीकडे टक लावून बघायला वेळही भरपूर मिळतो.

सध्या टेबलावर दुसराच विषय आहे, काश्मीरच्या युद्धातली झोजिला खिंडीची लढाई. १ नोव्हेंबर १९४८ला सातव्या लाइट कॅव्हलरीचे स्टुअर्ट रणगाडे साडेअकरा हजार फुटांवरच्या त्या खिंडीत घुसले. गुप्तता राहावी म्हणून त्यांचे टरेट काढून ते श्रीनगरमार्गे वर नेले होते. ही लढाई मी खेळायला मांडणार आहे. चीन युद्धातली रेझांग लाची मांडणार नाही. १८ नोव्हेंबर १९६२ला मेजर शैतानसिंग यांच्या कंपनीतले ११०हून अधिक जवान तिथे पडले आणि त्यातल्या कित्येकांचे देह पुढच्या वर्षी मोर्चांवर गोठलेले सापडले. त्यावर फासे टाकायला माझा हात धजावत नाही. खेळणाऱ्या मित्रांना हा भेद पटत नाही. त्यांच्या मते युद्ध ते युद्ध, आणि त्यांच्याकडेही मुद्दा आहे. झोजिलाच्या पायदळासाठी ब्रिटिश बॅटलड्रेसचे सैनिक घेऊन पुट्टीने कानटोप्या आणि ओव्हरकोटाच्या कॉलरी चढवणं चालू आहे. या सैनिकांना पांढरे झगे नाहीत. खाकी आणि शेवाळी आकृती बर्फावर आपसूक उठून दिसतात, त्यामुळे आता सगळी मेहनत बर्फावर: खिंडीतल्या करड्या दगडांमधून तो कुठे तुटतो आणि रणगाड्याच्या पट्ट्यांखाली चिखल होऊन कसा काळवंडतो, एवढं जमलं की पहिली तुकडी व्हार्निशला जाईल.