नफ्याची कारागृहे आणि कायद्याची मर्यादा

कारागृह चालविणे हे राज्यसंस्थेचे कर्तव्य, की ठेका देऊन उरकण्याजोगे काम? अमेरिकेत हा प्रश्न जुनाच आहे. बंदिवानांना खाणमालकांकडे व मळेवाल्यांकडे भाड्याने देण्याची दक्षिणेकडील पद्धत अलाबामा राज्यात १९२८ पर्यंत टिकून होती. १९८३ साली टेनेसीमध्ये कारागृहांचा व्यवसाय करणारी कंपनी स्थापन झाली, तेव्हा तो नव्या वेषात पुढे आला.

ठेक्याचे स्वरूप पाहिले पाहिजे. सरकार दर बंदिवानामागे दररोज ठराविक रक्कम देते. काही करारांत किमान संख्येची हमी असते. म्हणजे खाटा रिकाम्या राहिल्या तरी कंपनीचे पैसे चुकत नाहीत. नफा वाढवावयाचा तर पहारेकऱ्यांची संख्या, त्यांचे वेतन आणि औषधोपचार यांतच काटकसर होणार. (बंदिवान हे काही गिऱ्हाईक नव्हे, गैरसोय झाली म्हणून तो दुसऱ्या दुकानात जाऊ शकत नाही.)

कॅलिफोर्नियाने २०१९ साली ३२ क्रमांकाचे विधेयक संमत करून खाजगी कारागृहांशी नवे करार करण्यास मनाई केली व खाजगी स्थानबद्धता-केंद्रेही निषिद्ध ठरविली. खरी मेख या दुसऱ्या तरतुदीत होती. स्थलांतरितांची केंद्रे मध्यवर्ती सरकारच्या अखत्यारीतील. तेथील माणसे गुन्ह्याची शिक्षा भोगत नसतात, त्यांच्या वास्तव्याच्या हक्काचा निर्णय व्हावयाचा असतो. सप्टेंबर २०२२ मध्ये नवव्या परिमंडलाच्या अपील न्यायालयाने असा कौल दिला की, या केंद्रांपुरता हा कायदा राज्यघटनेतील मध्यवर्ती श्रेष्ठत्वाच्या कलमाशी बहुधा विसंगत ठरेल. जानेवारी २०२१ मधील अध्यक्षीय आदेशानेही ही केंद्रे वगळलीच होती. पुढे २० जानेवारी २०२५ रोजी तो आदेशच रद्द झाला.

इस्राएलच्या सर्वोच्च न्यायालयाने नोव्हेंबर २००९ मध्ये निराळी वाट धरली. खाजगी कारागृहास अनुमती देणारी २००४ ची दुरुस्ती त्याने अवैध ठरविली, तीही कारागृहाची इमारत उभी राहिल्यावर! तेथील व्यवस्था कदाचित अधिक चांगली असेल, हा युक्तिवाद न्यायालयाला पुरेसा वाटला नाही. नफ्यासाठी चालणाऱ्या संस्थेच्या हाती माणसाला कोंडण्याचा अधिकार देणे, यानेच त्याच्या स्वातंत्र्याला व प्रतिष्ठेला बाध येतो, अशी न्यायालयाची भूमिका होती.

अमेरिकेतील वाद मात्र अधिकार कोणाचा याच प्रश्नात अडकला आहे. म्हणून कॅलिफोर्नियाचा २०२० चा दुसरा, फारसा न गाजलेला कायदा मला अधिक अभ्यसनीय वाटतो. तो केंद्र बंद करीत नाही. करारात मान्य केलेली स्थानबद्धतेची मानके कंपनीने मोडल्यास कोंडलेल्या माणसाला तिच्यावर नुकसानभरपाईचा दावा लावण्याचा हक्क देतो.