अळीव, शतावरी आणि बाळाची भूक

शहापूर-मुरबाडच्या गावांत घरात बाळंतीण आली की डिंक, अळीव, खारीक, सुंठ, बाळंतशोपा यांची जमवाजमव सुरू होते. जंगलालगतच्या पाड्यांना शतावरी नवी नाही. पावसाळ्यात तिच्या कोवळ्या कोंबांची भाजी होते, मुळ्या औषधाला लागतात. आता त्यात मेडिकलमधून येणारे शतावरीयुक्त पावडरचे डबेही आले आहेत. अपेक्षा एकच, अंगावरचे दूध वाढावे.

ते खरेच वाढते का? 'कॉक्रेन' या आंतरराष्ट्रीय संस्थेने २०२० मध्ये अशा उपायांवरील ४१ चाचण्या तपासल्या. त्यांत सुमारे तीन हजार माता होत्या आणि मेथी, शतावरी, आले, शेवगा, केळफूलही होते. काही उपायांनी थोडा फायदा होत असावा असे दिसले, पण पुरावा इतका कच्चा निघाला की कुठल्याही एकाची खात्री देता येईना.

म्हणून लाडू टाकून द्यायचे असे नाही. पहिल्या सहा महिन्यांत स्तनदा मातेला रोज सुमारे ६०० उष्मांक जास्त लागतात, ते डिंक-अळिवाच्या लाडवातून मिळतात. शंभर ग्रॅम नागलीत साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. महागड्या डब्यापेक्षा भाकरीच बरी. शिवाय लाडवाच्या निमित्ताने सुनेच्या खाण्याकडे घराचे लक्ष राहते, हेही थोडे नाही.

दूध मात्र बनते ते मागणीनुसार. बाळ जितके चोखते तितके प्रोलॅक्टिन स्रवते, रात्री तर जास्तच. स्तनात दूध साचून राहिले की निर्मिती मंदावते. खरी अडचण इथे आहे. दिवाळीनंतर अनेक कातकरी कुटुंबे भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर जातात. तिथे दिवसभर विटा थापणाऱ्या आईला दर दोन-तीन तासांनी बाळाला जवळ घेता आले नाही, तर शतावरी काय करणार? गाव सुटले की आदिवासी क्षेत्रातल्या अंगणवाडीत अमृत आहार योजनेतून मिळणारे गरम जेवणही सुटते.

'दूध पुरत नाही' हा निष्कर्षही बरेचदा घाईचा असतो. बाळ रडते म्हणजे उपाशीच असते असे नाही. पहिल्या आठवड्यानंतर दिवस-रात्रीत सहा किंवा जास्त वेळा लघवी होत असेल आणि वजन वाढत असेल, तर दूध पुरते आहे. आशाताई पहिल्या ४२ दिवसांत सहा वेळा घरी येतात, त्यांच्याकडे वजनकाटा असतो. वजन वाढत नसेल तर आणखी एक काढा करून पाहण्यात दिवस घालवू नयेत. बाळ स्तन नीट धरते का हे तपासायला दवाखान्यात जावे.

काही गोष्टी मात्र जपून. बाळंतपणात हमखास दिले जाणारे दशमूलारिष्ट आंबवून बनते, त्यात नैसर्गिकरीत्या तयार झालेले अल्कोहोल असते. बाटलीवरही ते छापलेले असते. मेथी जास्त प्रमाणात घेतल्यास रक्तातील साखर उतरू शकते, त्यामुळे मधुमेहाची औषधे चालू असणाऱ्या आईने डॉक्टरांना तसे सांगावे. पावडरच्या डब्यावरचा अन्न परवाना क्रमांक दूध वाढण्याची हमी देत नाही. आणि सरकारी दवाखान्यातून फुकट मिळणाऱ्या लोहाच्या गोळ्या बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, कॅल्शियमच्या गोळीपासून दोन तासांचे अंतर ठेवून. घरोघरी डब्यात पडून राहतात त्या याच.