भीती मोजायची कशी?

पीएचडीचा प्रस्ताव लिहिताना भीती, प्रेम, आठवण असले विषय सोपे वाटतात. प्रयोगशाळा लागत नाही, प्रश्नावली छापली की झालं! पण एकदा भद्रावती तालुक्याचा विचार करून बघा. इकडे कोळसा खाणी, आयुध निर्माणी, आणि त्याच तालुक्यात ताडोबाचं मोहर्ली गेट. तिथे वाघ दिसावा म्हणून पर्यटक पैसे भरून जिप्सीत बसतो. आसपासच्या गावातली बाई मात्र मार्च-एप्रिलमध्ये पहाटे मोहफुलं वेचायला जाते, तीही खाली वाकून, आणि वाघ दिसू नये म्हणून. जंगल एकच आहे बरं का.

आता तिला विचारा, "तुम्हाला वाघाची भीती वाटते का? १ ते ५ मध्ये सांगा." ती म्हणाली "२". या दोनचं तुम्ही काय करणार?

कदाचित भीती खरंच कमी असेल. कदाचित तुम्ही वनखात्याचे वाटलात. कदाचित भीती वाटते असं एकदा तोंडाने म्हटलं, की उद्या जंगलात पाऊल टाकणं जड जाईल, आणि मोहाचे पैसे तर हवेतच. किंवा तिला स्वतःची नसेल, पण शेतात जागलीला जाणाऱ्या नवऱ्याची असेल. तुम्ही 'कोणासाठी' हे विचारलंच नाही. एक्सेलमध्ये हे सगळं 'कमी भीती' म्हणून जाईल.

म्हणून वागणूक बघा. २००१ मध्ये लाँड्रे आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या यलोस्टोनमधल्या एल्क हरणांवरच्या अभ्यासातून 'भीतीचा भूप्रदेश' ही कल्पना मांडली. तिथे लांडगे परत आणल्यावर एल्कच्या माद्या, विशेषतः पिल्लं असलेल्या, चरणं कमी करून मान वर करून जास्त वेळ बघू लागल्या. हरणाला न विचारता भीती मोजता आली! माणसांच्या बाबतीतही हे उपयोगी पडतं: कोणती पायवाट सुटली, एकटं जाणं कधी बंद झालं, निघायची वेळ किती पुढे सरकली. पण इथेच एक खड्डा आहे. माणूस जंगलात जातो म्हणजे घाबरत नाही, असा अर्थ काढू नका. चूल पेटायची असते, तेंदूपत्त्याचा हंगाम थोडे दिवसच असतो. गरज आणि भीती एकाच पायांनी चालतात. हे तुमच्या आराखड्यात वेगळं करता आलं पाहिजे.

आठवणीचं तर विचारूच नका. बार्टलेटने १९३२ च्या पुस्तकात दाखवलं, की आपण आठवताना गोष्ट पुन्हा रचतो. ट्वर्स्की आणि काहनेमन यांनी १९७३ मध्ये मांडलं, की जे पटकन आठवतं ते जास्त वेळा घडतं असं आपल्याला वाटतं. त्यामुळे "पाच वर्षांत किती हल्ले झाले?" याचं उत्तर आणि पंचनाम्यांची संख्या जुळणार नाही. तारीख विचारू नका. कापूस वेचणी होती की तेंदूचा हंगाम, असं विचारा. आणि तफावत आली तर ती खोडू नका, तीच तुमची सामग्री आहे.

प्रेमाचं काय? ताडोबा हे नावच तारू नावाच्या गावप्रमुखावरून पडलं असं मानतात. वाघाशी झुंजताना तो गेला, आणि लोकांनी त्याला देव मानलं. तलावाकाठी त्याचं ठाणं आहे, पौषात तिथे जत्रा भरते. यावरून "आदिवासी वाघाला पूजतात, म्हणून त्यांना भीती नाही" असं वाक्य काहीजण ठोकून देतात. मला ते आळशी वाटतं. इथे पूजा त्या माणसाची आहे जो वाघाशी लढून मेला. त्यात आदर आहे, दुःख आहे आणि धाकही आहे.

शेवटी एक अगदी व्यवहाराची बाब. ज्या घरात मृत्यू झालाय तिथे भरपाईच्या धावपळीत फॉर्म घेऊन जाऊ नका. तुम्हाला सरकारी माणूस समजतील आणि बोलायला 'नाही' म्हणू शकणार नाहीत. आणि प्रश्नावली छापण्याआधी गावातल्या दोघा-तिघांना मोठ्याने वाचायला द्या. 'भीती'च्या जागी कोण 'भेव' म्हणतं, कोण 'काळजी' म्हणतं, ते लिहून घ्या. प्रश्न मग त्या शब्दांत पुन्हा लिहा.