बातमी आणि मदत

मोठा भूकंप झाला की आपद्ग्रस्त प्रदेश आणि उर्वरित जग यांना जोडणारा पहिला दुवा म्हणजे बातमी होय. मदतीचा ओघ कोणत्या दिशेने वळेल, हे पुष्कळदा बातमीत कोणत्या गावाचे नाव येते यावरून ठरते. मराठवाड्यातील १९९३ च्या भूकंपात याचा प्रत्यय आला.

३० सप्टेंबर १९९३ रोजी पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी लातूर आणि उस्मानाबाद (आजचा धाराशिव) या जिल्ह्यांच्या सीमेवरील भाग हादरला. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणेशविसर्जन आटोपून गावे गाढ झोपली होती. घरांच्या भिंती जाड दगडमातीच्या आणि वर मातीचे वजनदार माळवद. त्याखाली सुमारे ८ हजार माणसे मृत्युमुखी पडली.

वृत्तपत्रांतून आणि दूरदर्शनवरून औसा तालुक्यातील किल्लारीचे नाव घरोघरी पोचले, आणि तेच या भूकंपाचेही नाव झाले. देशभरातून स्वयंसेवक, अन्नधान्य व कपडे येऊ लागले; परंतु त्यांचा रोख त्या नावाकडेच अधिक राहिला. वस्तुतः जिल्ह्याच्या सीमेपलीकडील सास्तूरसारखी गावेही उद्ध्वस्त झाली होती. त्यात पाऊस आणि रस्त्यांवर बघ्यांची गर्दी, यांमुळे बचावकार्यात अडथळे आले.

काही आठवड्यांनी बातम्या ओसरल्या. गरजा मात्र तशाच राहिल्या. या टप्प्यावर टिकून राहिलेल्यांचे कार्य अधिक मोलाचे ठरले. भारतीय जैन संघटनेने सुमारे १,२०० मुलांना शिक्षणासाठी पुण्यास नेले. केरळातील ‘मलयाळ मनोरमा’ या दैनिकाने वाचकांकडून निधी जमवून लातूर जिल्ह्यातील बाणेगाव नव्याने उभारले. पुढे घरांच्या दुरुस्तीच्या सरकारी कार्यक्रमात ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेच्या साहाय्याने गावोगावच्या स्त्रिया ‘संवाद सहायक’ झाल्या. भूकंपरोधक बांधकाम कसे करावे आणि अनुदान कसे मिळवावे, हे त्या शेजाऱ्यापाजाऱ्यांना समजावून सांगत.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. केवळ हानीचे वर्णन करणारी बातमी करुणा जागवते. पण कोणत्या गावी काय पोचले आणि काय पोचले नाही, हे सांगणारी बातमी मदतीला योग्य वाट दाखवते. अशा बातम्यांची गरज पहिल्या आठवड्याइतकीच सहा महिन्यांनंतरही असते.