विमानाचे इंधन आणि राखीव साठा

लढाऊ विमानाच्या वेगाचे वर्णन सर्वत्र आढळते. परंतु ज्या इंधनावर ते उडते ते तळापर्यंत पोचते कसे, याची चौकशी सहसा कोणी करीत नाही. दिल्लीहून १९४७ साली झालेली हवाई वाहतूक या दृष्टीने अभ्यासण्याजोगी आहे.

२७ ऑक्टोबर १९४७ रोजी पहाटे पहिल्या शीख पलटणीचे सैनिक डाकोटा विमानांतून दिल्लीहून श्रीनगरकडे निघाले. अंतर सरळ रेषेत सुमारे ६४० किलोमीटर. एका दिशेस अडीच ते तीन तास लागत आणि तासाला साडेतीनशे लिटरच्या आसपास पेट्रोल जळे. श्रीनगरला पेट्रोलची सोय नव्हती. म्हणून परतीचे सुमारे हजार लिटरही दिल्लीहूनच न्यावे लागे. त्याचे वजन ७२० किलोग्रॅम. शस्त्रांसह एक सैनिक शंभर किलोग्रॅमचा धरल्यास सात सैनिकांचा भार केवळ परतीच्या पेट्रोलानेच घेतला, असे म्हणावयाचे! पुढे स्पिटफायर विमाने तेथून लढू लागली, तेव्हा डाकोटांच्या टाक्यांतील पेट्रोल काढून त्यांना देण्यात आले; डाकोटांत परतीपुरतेच ठेवावयाचे.

तेव्हा देशात साठा किती, यापेक्षा तो विमानाच्या किती निकट, हा प्रश्न मोठा. परंतु निकटचा साठा शत्रूच्याही दृष्टीस पडतो. डिसेंबर १९७१ मध्ये कराचीजवळील किमारीच्या तेलटाक्या भारतीय हल्ल्यात पेटल्या. मोठा साठा भूगर्भात ठेवण्याचे एक कारण हेच होय.

भारताने विशाखापट्टणम, मंगळूर व पादूर येथे खडकात गुहा खोदून एकूण ५३.३ लक्ष टन तेल साठविण्याची सोय केली आहे. गुहांना आतून पोलादी अस्तर नसते. सभोवतालच्या भूजलाचा दाब तेलाच्या दाबाहून अधिक राखतात. त्यामुळे पाणी आत झिरपते, तेल बाहेर जात नाही. आत आलेले पाणी पंपाने उपसतात.

मात्र हे तेल अशुद्ध असते. त्यावर कोणतेही विमान उडत नाही. ते आधी शुद्धीकरण कारखान्यात व मग तळावर न्यावे लागते. दिल्लीसाठी पानिपतच्या कारखान्यापासून बिजवासनपर्यंत विमान-इंधनाची स्वतंत्र नळवाहिनी आहे. शुद्ध इंधनच वर्षानुवर्षे का साठवू नये? जेट विमानांचे इंधन केरोसीनच्या जातीचे असते. टाकीच्या तळाशी पाणी जमले की तेल व पाणी यांच्या सीमेवर सूक्ष्मजंतू वाढतात आणि त्यांचा गाळ गाळण्या तुंबवितो. म्हणून जुना साठा आधी वापरून नवा भरतात, आणि तळावरील कर्मचारी टाकीच्या तळातून नमुना काढून त्यात पाणी आहे काय, हे नेमाने पाहतात.