घरी जाताना गोळी राहिली

दिघीहून भोसरी-मोशीमार्गे चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये डोळे मिटून बसलेल्या कामगाराचे मन रिकामे नसते. मुलीची फी, गावाकडची पेरणी, आईची संपत आलेली बीपीची गोळी, सगळे तिथे येऊन जाते. तरीही शिफ्ट संपवून मॅगझीन चौकात उतरल्यावर तो मेडिकलसमोरून तसाच पुढे जातो. घरी निदान ठरलेले असते: ‘तुझं लक्षच नसतं.’ मला हे निदान अन्यायाचे वाटते. मन भटकले म्हणून गोळी राहिली नाही. भटकतानाच तर ती आठवली होती. पण आठवली ती बसमध्ये, जिथे त्या आठवणीचे काहीच करता येत नव्हते.

मॅथ्यू किलिंग्सवर्थ आणि डॅनियल गिल्बर्ट यांनी २०१० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,२५० प्रौढांना फोनवरून दिवसभरात कधीही विचारले जाई, की आत्ता काय करताय आणि मन कुठे आहे. सुमारे ४७ टक्के वेळा मन हातातल्या कामावर नव्हते. जी गोष्ट जागेपणीचा जवळजवळ निम्मा वेळ घडते, तिला दोष तरी कसा म्हणावे? पुढच्याच वर्षी बेंजामिन बेयर्ड, जोनाथन स्मॉलवूड आणि जोनाथन स्कूलर यांनी दाखवले, की सोपे काम करताना भटकणारे मन भूतकाळापेक्षा भविष्याकडे अधिक वळते आणि स्वतःचे बेत आखते. काम डोक्याला ताण देणारे असेल तर ही धाव कमी होते. यावर आक्षेप येतो, आणि तो वजनदार आहे: किलिंग्सवर्थ-गिल्बर्ट यांनाच असे आढळले, की मन भटकलेले असताना माणसे कमी आनंदी असतात; सुखाच्या विचारांत हरवलेलीही कामात गुंतलेल्यांपेक्षा अधिक आनंदी नसतात. पण फी कशी भरायची याचा विचार आनंद देत नाही म्हणून तो निरुपयोगी ठरत नाही. त्या क्षणाचे समाधान आणि उद्याची तरतूद ही दोन वेगळी मापे आहेत.

मग चुकते कुठे? पुढे करायची गोष्ट ऐन वेळी आठवणे ही स्मृतीची वेगळी जात आहे. गिलेस आइनस्टाइन आणि मार्क मॅकडॅनियल यांनी १९९० साली ती प्रयोगशाळेत तपासली. हातातले काम चालू असताना ठरावीक शब्द दिसला की कळ दाबायची, एवढीच अट होती. त्यात वयस्क मंडळी तरुणांच्या मागे पडली नाहीत, कारण समोरचा शब्दच आठवण करून देत होता. ‘दहा मिनिटांनी कर’ असे सांगितले की अशी खूण नसते. घड्याळाकडे बघायचे तेही आपणच लक्षात ठेवायचे. म्हणून ‘आज गोळी आणायची’ हा संकल्प कच्चा आणि ‘चौकात उतरलो की आधी मेडिकल’ हा पक्का. पीटर गोलविट्झर आणि पास्कल शीरन यांनी २००६ साली अशा ‘अमुक झाले की तमुक करीन’ संकल्पांच्या ९४ चाचण्या एकत्र तपासल्या. परिणाम चांगलाच ठळक निघाला. पदराला गाठ मारणाऱ्या बायकांनी खूण सोबत बाळगण्याची युक्ती फार आधी हेरली होती. मात्र गाठ फक्त काहीतरी आहे एवढेच सांगते. कुठे आणि केव्हा, ते सांगत नाही.

फोनचा अलार्म आहे की, असे कोणी म्हणेल. तो वाजतो साडेचारला, बस मोशीत अडकलेली असताना. बंद केला की आठवणही त्याच्यासोबत जाते. गाडीच्या भागांवर जगणाऱ्या या पट्ट्याला खरे तर याचे उत्तर नवे नाही. कारखान्यात पोकायोके, म्हणजे चूक होऊ न देणारी किंवा झाली तर लगेच दाखवणारी सोय, सगळ्यांना ठाऊक असते. १९६१ साली जपानच्या यामादा इलेक्ट्रिकमध्ये छोट्या स्विचमध्ये स्प्रिंग बसवायची राहून जाई. कामगारांना लक्ष द्या म्हणून बजावून झाले होते. अभियंते शिगेओ शिंगो यांनी सुचवले, की आधी दोन स्प्रिंग ताटलीत काढून ठेवाव्यात. ताटलीत एक उरली की चूक तिथेच दिसे. प्रेसवर मन भटकले तर बोटे जातील, हेही तितकेच खरे. म्हणूनच तिथे दोन्ही हातांनी कळा दाबल्याशिवाय प्रेस न चालण्याची सोय करतात. निव्वळ एकाग्रतेच्या भरवशावर कोणाचा हात सोडत नाहीत. घरात मात्र आपण अजून बजावण्यावरच थांबलो आहोत. गोळीचे रिकामे पाकीट सकाळीच डब्याच्या पिशवीत, वरच्या बाजूला ठेवले, तर उतरताना पिशवी उचलणाऱ्या हाताला ते लागेल.